साडेचारचं तापमान

“बाई, आज अर्धीच लादी गावली,” सायकल स्टँडवर लावत घोडकेमामा म्हणाले. कॅरिअरवर गोणपाटात गुंडाळलेला बर्फ होता आणि त्याचं पाणी मागच्या चाकावर ठिबकत होतं. “लग्नवाल्यांनी सगळा बर्फ उचलला म्हणतोय फॅक्टरीवाला. भांडून एवढी आणली.”

“पुरेल का?”

“पुरवायची. तुम्ही कशाला जिवाला घोर लावून घेताय?”

एकोणनव्वद सालचा जानेवारी होता, संक्रांत होऊन आठवडा झाला होता. रविवार असल्यामुळे आमच्या कृष्णाकाठच्या कॉलेजात चिटपाखरूही नव्हतं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर, आणि पीएच.डी.च्या चौथ्या वर्षात अडकलेली. घोडकेमामा आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. म्हणजे कागदावर तेही नव्हते, अकरा वर्षं रोजंदारीवर होते. दर जूनमध्ये त्यांना कायम करायचा ठराव व्हायचा आणि दर जुलैत तो कुठल्याशा फायलीत जाऊन निजायचा. या वेळी मात्र खरंच ऑर्डर निघाली होती. एक फेब्रुवारीपासून घोडकेमामा कायम होणार होते. तो कागद त्यांनी मला दोनदा दाखवला होता आणि दोन्ही वेळा नीट घडी घालून वरच्या खिशात ठेवला होता.

माझा प्रयोग सांगायला सोपा आणि करायला महाकंटाळवाणा होता. बर्फाच्या टबात काचेचा चंबू, वर थेंब थेंब आम्ल सोडणारं नरसाळं आणि आत थर्मामीटर. पारा पाच ते दहा अंशांच्या मध्ये ठेवायचा. सकाळी दहापासून सव्वातीनपर्यंत आम्ल पडू द्यायचं, मग बर्फाचा टब काढून घ्यायचा आणि चंबू हळूहळू खोलीच्या उबेला येऊ द्यायचा. दर पंधरा मिनिटांनी पारा बघून वहीत लिहायचा, ते थेट साडेपाचपर्यंत. असं तीनदा करून झालं होतं आणि तिन्ही वेळा जवळजवळ तेच आकडे आले होते. ही चौथी आणि शेवटची खेप होती.

साडेबाराच्या सुमारास खाली स्कूटर थांबली आणि माझे मार्गदर्शक हेर्लेकर सर वर आले. त्यांनी चंबूकडे पाहिलंही नाही.

“गद्रे, बाईसाहेबांचं बोलावणं आहे. हळदीकुंकवाला साठ बायका येणार आहेत. तुमच्याशिवाय आमच्या घरात पान हलत नाही, तुम्हाला माहीत आहेच.”

माहीत होतंच. सरांकडचं हळदीकुंकू, सरांच्या मुलीचं गॅदरिंग, सरांच्या आईचे डोळ्यांचे थेंब, या सगळ्यांत आम्हा संशोधक विद्यार्थ्यांचा हात असायचा. तसं न करणाऱ्या एका मुलाचा प्रबंध सहाव्या वर्षीही सरांच्या टेबलावर पडून होता.

“पण सर, प्रयोग लावलाय.”

“घोडके आहे की. काय रे घोडके, पारा बघता येतो ना तुला?”

“येतोय की सर.”

नाही म्हणता आलं असतं. रागावले असते, चार दिवस बोलले नसते, एवढंच. पण खरं सांगायचं तर मला जायचं होतं. नवीन चंद्रकळा आणली होती आणि ती वर्षभर ट्रंकेत ठेवायची माझी इच्छा नव्हती.

मी मामांना सगळं समजावून सांगितलं. “पारा दहाच्या वर चढला तर नरसाळ्याची तोटी बंद करायची आणि मला निरोप धाडायचा. सव्वातीनला आम्ल संपेल.”

“आन पारा लई खाली गेला तर?”

“खाली गेला तर काय बिघडतंय? थंड असलेलं चांगलंच की.”

“आकडं लिवून ठिवू का वहीत?”

“नको, नको. वहीला हात लावू नका. ते माझं मी बघते.”

असं म्हणून मी वही मिटली, खिडकीत ठेवली आणि वर डस्टर टाकलं.

सरांच्या घरी मी अडीच तास वाणं वाटली. प्लॅस्टिकच्या गाळण्या होत्या. बायकांनी माझ्या चंद्रकळेचं कौतुक केलं, लग्नाचं विचारलं, सरांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, माझ्याबद्दल “आमची सुनीती म्हणजे हक्काची” असं तीनदा म्हटलं. मी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

परत आले तेव्हा साडेतीन वाजले होते. कपाळावर हळदकुंकू आणि हातात तिळगुळाची पुडी. मामा स्टुलावर बसून थर्मामीटरकडे टक लावून होते. तीन तास ते तसेच बसले असावेत, कारण त्यांचा डबा न उघडता तसाच कोपऱ्यात होता.

“आम्ल संपलं, तोटी बंद केली,” ते उठत म्हणाले. “पर बाई, एक सांगायचं हाय. बर्फ पुरंना. म्हणून मग खडेमीठ टाकलं त्यात. आमच्या पॉटला टाकतो तसं.”

हाताने फिरवायचं आइस्क्रीमचं लाकडी पॉट मामांच्या घरी होतं. उन्हाळ्यात ते लग्नाकार्यात पॉट फिरवायला जात आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूमला आइस्क्रीमचा डबा आणत. बर्फात मीठ टाकलं की बर्फ जास्त गार होतो, हे त्यांना माझ्या पुस्तकांआधीपासून ठाऊक होतं.

“बरं केलंत,” मी म्हटलं.

“पर पारा लईच खाली गेला वो. शून्याच्या बी खाली. दोन तास झालं तिथंच हाय. आन आतलं पानी पयल्या खेपंला पिवळं झालं हुतं, ते ह्या खेपंला झालंच न्हाई. बघता का जरा?”

मी बघितलं नाही. पुडीतला तिळगूळ त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “खाली आहे ना, मग उत्तम. काढा तो टब.”

मामा क्षणभर घुटमळले. मग त्यांनी तिळगूळ तोंडात टाकला आणि टब काढून घेतला.

आज मी हे पहिल्या वर्षाच्या मुलींना पाच मिनिटांत समजावते. अति थंडीत ते मिश्रण निजून राहतं. आम्ल पडत जातं, पण काम करत नाही, नुसतं साठत जातं. तासन्‌तास थोडं थोडं करून व्हायचं ते सगळं तसंच पडून राहतं. मग ऊब मिळाली की सगळंच्या सगळं एकदम जागं होतं, आणि एकदा जागं झालं की स्वतःच्याच उष्णतेने आणखी पेटत जातं. तेव्हा त्याला आवरणं कोणाच्या हातात नसतं. पाण्याचा रंग बदलला नाही, हे मामांनी पाहिलं होतं. सगळी गोष्ट त्या एका वाक्यात होती. मी चार वर्षं शिकले होते आणि मला ते ऐकू आलं नाही.

चार वाजता मी टेबलाशी बसून लग्नाच्या चौकश्या करणाऱ्या बायकांच्या नकला मामांना करून दाखवत होते. ते हसता हसता थांबले.

“बाई, ह्यो वास कसला?”

चंबूत तपकिरी धूर भरला होता. पारा माझ्या डोळ्यांदेखत चढत होता, चाळीस, पंचावन्न, सत्तर. इतक्या भराभर चढणारा पारा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. मी टबाकडे धावले, पण टबात आता नुसतं खारट पाणी होतं. मामांनी माझा दंड धरला आणि मला अक्षरशः फरफटत व्हरांड्यात नेलं. दार लावून घेतलं.

आम्ही जिन्यापाशी पोचलो होतो. दोघंही धडधाकट होतो. हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्या क्षणी दोघांच्याही अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

आणि मी ओरडले, “माझी वही! मामा, वही राहिली आत! चार वर्षं आहेत त्यात माझी!”

मी त्यांना जा म्हटलं नाही. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच बजावत आले. जा म्हणायची गरजच नव्हती, मामा वळले होते. त्यांनी अंगातला शर्ट काढून तोंडावर धरला आणि दार उघडून आत गेले. मी दहा आकडे मोजले असतील. मग तो आवाज झाला, खिडक्यांच्या काचा खालच्या पटांगणात पडल्या आणि दारातून तपकिरी धुराचा लोट बाहेर आला. त्या धुरातून मामा भिंतीला धरून चालत आले. चेहऱ्याच्या डाव्या बाजूकडे मला बघवलं नाही. वही त्यांनी शर्टात गुंडाळून पोटाशी धरली होती.

“घ्या,” ते म्हणाले. “भिजली न्हाई.”

हॉस्पिटलच्या बाकावर मी ती वही मांडीवर घेऊन बसले होते. आत मामांच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया चालली होती. त्यांची बायको हौसाबाई समोरच्या भिंतीला टेकून खाली बसली होती आणि नऊ वर्षांची वैजू तिच्या मांडीवर डोकं ठेवून माझ्याकडे बघत होती. काहीतरी करायला हवं म्हणून मी वही उघडली.

आता मला ते सांगायचं आहे, जे मी त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही.

आमच्याकडे एक रीत होती. पुस्तकात कुठे लिहिलेली नव्हती, पण प्रत्येक जण ती सीनियरकडून शिकायचा. आकडे काय येणार हे एकदा कळलं की ते आधीच लिहून टाकायचे. पेन्सिलीने लिहायचे, वाटलं तर नंतर एखादा बदलायचा, मग वरून शाई फिरवायची. जर्नलं अशीच भरत आणि शंभर टक्के गुण मिळत. मीही चौथ्या खेपेचा सगळा रकाना सकाळी पावणेदहालाच भरून ठेवला होता, तिसऱ्या खेपेवरून उतरवून. आम्लाचा पहिला थेंब पडायच्या आधी. म्हणूनच मामांना वहीला हात लावू दिला नव्हता. म्हणूनच परत आल्यावर थर्मामीटर बघितला नव्हता. बघितला असता तर आकडे खोडावे लागले असते.

स्फोट चार वाजून दहा मिनिटांनी झाला होता. वहीत माझ्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: चार पंधरा, एकवीस अंश. साडेचार, तेवीस अंश. पाच, पंचवीस. साडेपाच, सव्वीस. साडेचार वाजता तो चंबू या जगात नव्हता आणि माझ्या वहीत तो शहाण्यासारखा तेवीस अंशांवर उभा होता.

शरमेने माझे कान तापले. पण नुसती शरम वाटून माणूस सुधारत नाही. मी पर्समधून खोडरबर काढलं आणि बाकावर बसल्या बसल्या, हौसाबाईंच्या समोर, चारनंतरचे आकडे पुसून टाकले. आधीचे राहू दिले. त्यांच्यावर घरी जाऊन शाई फिरवली.

तिघांची चौकशी समिती बसली. हेर्लेकर सर तिच्यात होते. मामांनी हॉस्पिटलमधूनच जबाब दिला. बर्फात मीठ मीच टाकलं, बाईंचा काही दोष नाही, त्या तर तिथे नव्हत्याच. ‘तिथे नव्हत्याच’ हे शब्द सरांनी जबाबात येऊ दिले नाहीत. माझी वही टेबलावर होती. सव्वातीनपर्यंत तापमान आठ आणि नऊच्या मध्ये, व्यवस्थित.

“म्हणजे बाई जागेवर होत्या आणि नोंदी चोख आहेत,” सर म्हणाले. “गद्रे, घोडकेने मीठ टाकलं हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“नाही,” मी म्हणाले.

एवढाच एक शब्द. परिचराने वरिष्ठांना न विचारता थंडाव्याच्या टबात फेरफार केला, असा अहवाल गेला. एक फेब्रुवारी आली आणि गेली. मामांना कायम करायचं तर राहिलंच, पण रोजंदारीवरही परत घेतलं नाही.

मार्चमध्ये एका सकाळी ते माझ्या खोलीवर आले. डाव्या डोळ्यावर पट्टी होती, हातांची कातडी गुलाबी झाली होती. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मला वाटलं, आता जाब विचारणार. विचारला असता तर बरं झालं असतं.

“नोकरीचं काय न्हाई बाई,” ते म्हणाले. “मेव्हण्याची पिठाची गिरण हाय, तिथं भागंल. पर रात-दिस डोक्यात एकच चालतंय. माझं नेमकं चुकलं कुटं? तेवडं सांगा. मी शिकलेला न्हाई, तुम्ही सांगितलं की मन निवांत हुईल.”

माझी वही तेव्हा मागच्या फळीवर होती. हात लांब केला असता तर पोचला असता.

“मीठ, मामा,” मी म्हटलं. “मीठ टाकायला नको होतं.”

“तरीच,” ते म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि हात जोडले. “जीव वाचला तुमचा, देवाची किरपा. न्हाईतर माझ्या हातनं पाप घडलं असतं.”

मला पीएच.डी. मिळाली. तो तक्ता प्रबंधात छापला आहे. पुढे मी दुसऱ्या गावच्या कॉलेजात गेले, विभागप्रमुख झाले. माझ्या प्रयोगशाळेत पेन्सिलीला बंदी होती. जो आकडा दिसेल तो त्याच क्षणी शाईने लिहायचा, आणि चुकला तर चुकलेला दिसू द्यायचा. मुली मला मागे ‘शाईबाई’ म्हणत. गेल्या वर्षी निवृत्तीच्या समारंभात एका विद्यार्थिनीने भाषण केलं, “प्रामाणिकपणा म्हणजे काय, हे आम्ही बाईंच्या शाईतून शिकलो.” टाळ्या पडल्या. मला शाल आणि नारळ दिला. तो नारळ हातात घेऊन मी व्यासपीठावर उभी होते आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

त्यानंतरच्या रविवारी मी मामांचं गाव शोधत गेले.

मामा अंगणात खाटेवर बसले होते. सत्तरी उलटली होती. माझा आवाज ऐकल्याबरोबर त्यांनी ओळखलं. “आरं, गद्रेबाई! अगं ए, बाई आल्या बघ. खुर्ची आण, चा टाक.” त्यांच्या आनंदाने मला आणखीच कसंतरी झालं. हौसाबाईंनी चहा आणला. वैजूची चौकशी केली, तर मामाच बोलू लागले.

“मिरजंला दिली. दुकान हाय जावयाचं, बरं चाललंय. हुशार हुती वो पोरगी. धाव्वीला पंच्याऐंशी टक्के पडलं. सायन्सला जाते म्हणून तीन दिस जेवली न्हाई. मी पाठिवली न्हाई. म्हटलं, आपल्या घरच्यांच्या हाताला ते बरं न्हाई. बापानं एका मुठीनं काय केलं, बघितलंस ना?”

चहाचा कप मी खाली ठेवला. आणि सांगितलं. सगळं सांगितलं. आधी भरून ठेवलेला रकाना, न बघितलेला पारा, बाकावर पुसलेले आकडे, समितीपुढचं ‘नाही’, आणि मार्चमधला तो शब्द. मधे थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

मामा खाली मान घालून ऐकत होते.

“म्हंजे मीठ नव्हतं?” त्यांनी शेवटी विचारलं.

“मिठाने गारवा वाढला, हे खरं. पण तुम्ही मला सांगितलं होतंत मामा. पारा खाली गेलाय, रंग बदलला नाही, बघा म्हणालात. मी तेव्हा बघितलं असतं, टब काढू दिला नसता, तर काही झालं नसतं. तुमचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते माझं.”

हौसाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “तीस वर्सं पॉटाला हात लावू दिला न्हाई ह्यांनी कुनाला. लेकीच्या लग्नात पावणे आइस्क्रीम मागत हुते, तर हे उठून रानात जाऊन बसले.”

मी म्हणाले, “मामा, मला माफ करा असं म्हणायलाही तोंड नाही.”

“मग म्हणू नका,” मामा म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण मघाचा आनंदही उरला नव्हता. ते उठले, चाचपडत खिडकीतला मोबाइल घेतला आणि हौसाबाईंपुढे धरला. “वैजूला लाव.”

हौसाबाईंनी फोन लावला. पलीकडे घंटी वाजत असतानाच मामांनी तो माझ्या हातात दिला.

“तुम्ही सांगा. तीस वर्सं मीच तिला सांगत आलोय, माझं चुकलं म्हणून. आता माझ्या तोंडाचं तिला खरं वाटायचं न्हाई.”

“हॅलो,” पलीकडून आवाज आला. “आण्णा? बोला की. अवेळी फोन केला, बरं हाय न्हवं?”

मामा पुन्हा खाटेवर बसले होते. त्यांचा उजवा डोळा माझ्यावर होता. त्या दिवशी तीन तास थर्मामीटरवर होता, तसाच.

“मी सुनीती गद्रे बोलतेय,” मी म्हटलं. “वैजू, तू सायन्सला का गेली नाहीस, ते सांगायला फोन केलाय.”